दोन पानांना एकच यादी

माझ्या एका चुकीने तीन बायकांची डोकी फुटली आणि चौथीची दोन बोटं तुटली. तेव्हा मी साकीनाक्याच्या ऑफिसात एसीखाली बसून चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट मोडून चहात पडलं म्हणून मी चिडले होते, हेही मला आठवतं.

राग मला पटकन येतो. तो आमच्या घरातच आहे. माझी आई अंधेरीच्या एका मासळी बाजारात तीस वर्षं मासे विकतेय. मासा शिळा आहे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर तिने तोच पापलेट फेकून मारलेला मी लहानपणी पाहिलाय. वर म्हणाली, "आता घरी जाऊन वास घे." सगळा बाजार हसला, आणि तो माणूस पुढच्या बुधवारी परत तिच्याकडेच आला. कोळणींच्या बाजारात आवाज चढवल्याशिवाय काही होत नाही. तिथे वाढलेल्या मुलीने हळू बोलायचं कुठे शिकायचं? ऑफिसात मला मिरची म्हणतात आणि ते मला आवडायचं.

आईच्या शेजारच्या ओट्यावर मावशी बसायची. ओटा म्हणजे मासे मांडायचा सिमेंटचा चौथरा. बाजारात प्रत्येकीचा ओटा ठरलेला, त्याला नंबर असतो, आणि तो सासूकडून सुनेला, आईकडून लेकीला जातो. मावशी माझ्या रक्ताची नाही. पण शाळा सुटली की मी तिच्या ओट्याखाली बसून अभ्यास करायचे, कारण आई गिऱ्हाइकाच्या नादात मला विसरायची आणि मावशी विसरायची नाही. तिला अक्षर वाचता येत नाही, आकडे मात्र येतात. पाढा चुकला की ती माशाच्या हातानेच टपली मारायची. माझ्या डोक्याला बोंबलाचा वास येतो म्हणून वर्गातल्या मुली लांब बसायच्या, आणि त्यातल्या दोघींना मी मधल्या सुट्टीत बदडून काढलं होतं. मावशीला हे कळल्यावर तिने मला तळलेली मांदेली खायला दिली होती.

माझं काम पोर्टलचं. उपनगरातले बाजार सांभाळणारी एक संस्था आहे, तिची वेबसाइट आमची कंपनी चालवते. लोकांना वाटतं, वेबसाइटवरचं पान म्हणजे कागद, जे लिहिलंय ते त्या कागदावरच आहे. तसं नसतं. आमच्या सिस्टिममध्ये पान म्हणजे नुसती चौकट. वर मथळा, बाजूला मेनू आणि मध्ये मोकळी जागा. मजकूर वेगळा साठवलेला असतो आणि त्या मोकळ्या जागेला सांगावं लागतं, की बाई गं, तू हा मजकूर दाखव. याला आम्ही पान मजकुराला लिंक करणं म्हणतो. एकच मजकूर दहा पानांना लिंक करता येतो. मूळ मजकूर एकदा बदलला की दहाही पानं क्षणात बदलतात. मला या गोष्टीचा फार अभिमान होता. नवीन लोकांना मीच हे शिकवायचे आणि चुकलं की फाडून खायचे.

आमचा बाजार जुना झाला होता. छताचे तुकडे पडायचे, एकदा एका बाईच्या टोपलीत स्लॅबचा गोळा पडला आणि ती थोडक्यात वाचली. तो पाडून नवा बांधायचा ठरलं आणि तोवर सगळ्या बायकांना मागच्या रस्त्यावर पत्र्याची शेड बांधून दिली. कोणाला शेडमध्ये कुठला ओटा, याची संस्थेने सोडत काढली. यादीत नावं नव्हती, फक्त जुना नंबर आणि त्याच्यासमोर नवा नंबर. सोमवारी ती यादी माझ्याकडे आली. मी मजकूर तयार केला, आमच्या बाजाराचं पान त्याला लिंक केलं आणि आधी आईचा नंबर शोधला. तिला तीन नंबर मिळाला होता. तीन नंबर शेडच्या अगदी दाराशी. गिऱ्हाईक आत शिरलं की पहिलं तिथेच अडणार. मी यादीचा प्रिंट काढून घरी नेला, आईने त्या कागदाला हात जोडले आणि तो नऊवारीच्या ओच्यात खोचला. तसाच एक कागद शेडच्या भिंतीवरही चिकटला.

मावशीने हे काही पाहिलं नव्हतं. तिची बहीण गेली होती आणि ती बाराव्यासाठी डहाणूकडे होती. ती बुधवारी संध्याकाळी परतली.

त्याच बुधवारी, ऑफिस सुटायच्या आधी, संस्थेने दुसऱ्या एका बाजाराची यादी पाठवली. तोही बाजार पाडायचा होता. मला घरी जायची घाई होती, कारण दुसऱ्या दिवशी आमचा बाजार शेडमध्ये हलणार होता आणि टोपल्या, तराजू, बर्फाचे खोके बांधायला आईला मदत हवी होती. मी आमच्या बाजाराचं पान उचललं, त्याची कॉपी केली, वरचा मथळा बदलला, मजकुरावर क्लिक केलं, जुनी यादी पुसली आणि नवी चिकटवली. प्रकाशित केलं. बॅग उचलली.

पान कॉपी केलं की चौकट नवी होते. आतली लिंक मात्र त्याच जुन्या मजकुराकडे जाते. म्हणजे मी दुसऱ्या बाजाराची यादी आमच्याच बाजाराच्या मजकुरात चिकटवली होती. दोन पानं, दोन मथळे आणि खाली एकच यादी. आमच्या बाजाराच्या नावाखाली आता परक्या बाजाराचे नंबर दिसत होते आणि त्यावर बुधवारची तारीख पडली होती. हीच चूक केली म्हणून मी आदल्या महिन्यात एका मुलीला सगळ्यांसमोर रडवलं होतं.

गुरुवारी सकाळी मी आईला सामान बांधून दिलं आणि ऑफिसला आले. साडेनऊला तिचा फोन. मागे इतका कल्लोळ की मला कानाला हात लावून ऐकावं लागलं. मावशी तीन नंबरवर टोपली मांडून बसली होती. तिच्या लेकीने सकाळी कामावर जायच्या आधी फोनवर पान उघडून दिलं होतं, मावशीने आपला जुना नंबर शोधला होता आणि त्याच्यासमोर तीन लिहिलेलं होतं. आईच्या नंबरासमोर एकेचाळीस. एकेचाळीस म्हणजे पार मागे, गटाराला लागून.

"भिंतीवरची यादी जुनी म्हनते," आई ओरडत होती. "फोनवर कालची तारीख हाय म्हनते. मना शिकवते!"

मी पान उघडून बघायला हवं होतं. समोर कॉम्प्युटर होता, दोन क्लिकचं काम. पण ते पान मी लावलं होतं ना! माझ्या पानावर कोणीतरी बोट ठेवतंय म्हटल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मावशी खोटं बोलतेय, असं मी आईला सांगितलं. एवढंच नाही. मी म्हणाले, "आई, ओटा तुझा आहे. मी स्वतः यादी लावलीय. हटू नकोस. तिने हात लावला तर हात तोड तिचा."

ऑफिसातले दोघे-तिघे हसले. मीही त्यांच्याकडे बघून हसले.

आईने फोन बंद न करताच कमरेला खोचला. मी चहा प्यायला घेतला, फोन स्पीकरवर ठेवला. मला मजा वाटत होती, हे लपवून काय उपयोग. आईचा आवाज, मावशीचा आवाज, मग आणखी बायका. टोपली उलटल्याचा आवाज. कोणीतरी तराजूचं वजन फेकून मारलं, ते पत्र्यावर आपटलं आणि मग एक बाई किंचाळली. आईच्या बाजूच्या आणि मावशीच्या बाजूच्या बायका एकमेकींच्या अंगावर गेल्या. वजनं, बर्फाचे गोळे, लाकडी पाट, जे हाताला लागलं ते. सुरमईची शेपटी धरून एकीने दुसरीच्या तोंडात मारली, हे मला मागाहून कळलं आणि तेव्हा मला हसू आलं नाही. तिघींची डोकी त्या दोन-तीन मिनिटांत फुटली.

मग मावशीचा आवाज अगदी जवळून आला. "हो ओटा माजा हाय. घे, हात ठेवलाय. काय करशील गो?"

आई म्हणाली, "उचल हात."

"नाय उचलत."

मग एक ठक्क असा आवाज आला. लाकडावर मासा तोडताना येतो तसाच, त्यापेक्षा मोठा नाही. सगळा बाजार गप्प झालेला मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मग आई म्हणाली, "अगो बय, अगो बय, अगो बय," आणि ती थांबेचना.

आई आजही सांगते की तिने कोयता हाताच्या बाजूला मारला होता, घाबरवायला. मी तिच्यावर विश्वास ठेवते. तीस वर्षं कोयता चालवणारीचा नेम चुकतो कसा, असं बाजारातल्या बायका विचारतात. नव्या ओट्यावर पाणी होतं, मावशीने हात हलवला असेल, मागून कोणी धक्का दिला असेल. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. ती बोटं कोणीतरी बर्फात घालून हॉस्पिटलला नेली, पण ती जोडता आली नाहीत.

मी पान उघडलं आणि बघितलं. आईचा जुना नंबर, समोर एकेचाळीस. मावशीचा नंबर, समोर तीन. मावशीने जे वाचलं ते तिथे होतं.

माझा साहेब, म्हणजे आमच्या टीमचा प्रमुख, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो. त्याला मी सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "आधी फिक्स कर." मी नवा मजकूर तयार केला, दुसऱ्या बाजाराचं पान त्याला लिंक केलं, आणि आमच्या बाजाराच्या मजकुराची सोमवारची आवृत्ती परत आणली. वीस मिनिटं लागली. सिस्टिममध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहते: कोणी, केव्हा, आधी काय, नंतर काय. बुधवारच्या नोंदीसमोर माझं युजरनेम होतं.

"जुन्या आवृत्त्या साफ करून टाकतो," तो म्हणाला. "कोणाला काही कळायचं नाही. आता पान बरोबर आहे ना? झालं तर मग."

"अरे, बाईची बोटं गेली!"

"यार, ते तुमच्या बाजारातलं भांडण आहे. कोळणी रोजच भांडतात ना?"

मी चहाचा मग त्याच्या दिशेने फेकला. तो त्याच्या कानाजवळून गेला आणि मागच्या काचेवर फुटला. तो जागचा हलला नाही. खांद्यावरचा चहा पुसत म्हणाला, "ही नोंद पण ठेवायची का? डोकं लाव जरा. नाव कंपनीचं नाहीये तिथे, तुझं आहे. पोलीस केस झाली तर पहिली तू आत." माझी पाचावर धारण बसली. मी खाली बसून काचा गोळा केल्या. पण तो जेवायला गेला तेव्हा मी बुधवारच्या नोंदीचा आणि दोन्ही आवृत्त्यांचा प्रिंट काढून घेतला. तो का घेतला, ते तेव्हा माझं मलाही कळलं नाही, कारण तो कोणाला दाखवायचा माझा विचार नव्हता.

पोलीस केस झालीच नाही. मावशीने हॉस्पिटलमध्ये सांगितलं, मासा कापताना कोयता निसटला. आमच्यात घरचं भांडण पोलिसांत नेत नाहीत. ते जमातीसमोर जातं. जमात म्हणजे कोळीवाड्याची सभा, पाटील मध्ये बसतात आणि जे ठरेल ते दोन्ही घरांनी ऐकायचं. मावशीने तो नियम पाळला आणि माझ्या आईला तुरुंगातून वाचवलं.

आणि तिच्या पदरात काय पडलं? दुपारपर्यंत सगळ्या बाजाराने आपापल्या फोनवर पान उघडून बघितलं होतं. पान बरोबर होतं. आईला तीन, मावशीला एकोणीस. भिंतीवरही तेच. मावशी आणि तिची लेक सोडून चुकीची यादी पाहिलेलं कोणीच नव्हतं, आणि लेक काय, ती आपल्या आईच्या, म्हणजे मावशीच्याच बाजूने बोलणार. म्हणजे मावशी खोटं बोलली. दाराशी बसायला मिळावं म्हणून तिने तीस वर्षांच्या मैत्रिणीशी खोटेपणा केला, असं सगळा कोळीवाडा बोलायला लागला. ज्या बायका तिच्या बाजूने लढल्या आणि डोकं फोडून घेतलं, त्या तिच्यावर जास्त चिडल्या. एकीने तर तिच्या दारात जाऊन ऊर बडवून घेत तिला शिव्या घातल्या.

चौथ्या दिवशी मी हॉस्पिटलला गेले. सांगायचंच, असं ठरवून गेले होते. मावशीचा हात पांढऱ्या बँडेजमध्ये कोपरापर्यंत गुंडाळलेला, आणि त्यातून वर पिवळसर डाग आला होता. मला बघून ती उठून बसली. चेहरा पार उतरला होता.

"आयला सांग, पोलिसांना मी काय नाय सांगितला," ती म्हणाली. "पन मी खोटी नाय गो पोरी. तू कॉम्प्युटरचा शिकलीस. तूच सांग, त्या पानावरचे आकडे आपोआप बदलतात का?"

मी म्हणाले, "नाही मावशी. आपोआप नाही बदलत."

यात खोटं काहीच नव्हतं. मी एक शब्दही खोटा बोलले नाही. मावशी माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिचे खांदे पडले. "म्हंजे माजे डोलेच गेले," ती म्हणाली. "लेकीला म्हनते, चष्मा करून दे." मी तिच्या उशाशी मोसंबी ठेवली आणि निघून आले. जिन्यात मी स्वतःच्या गालावर दोन वेळा मारलं, जोरात, आणि एक वॉर्डबॉय बघत उभा राहिला. स्वतःबद्दल इतकी किळस मला कधी आली नव्हती.

पुढच्या आठवड्यात आमची जाळी कापली गेली. काकांची होडी किनाऱ्यावर होती, सकाळी बघितलं तर सगळं जाळं कोयत्याने उभं फाडलेलं. आमच्या लोकांनी मावशीच्या घराच्या खिडक्या फोडल्या. भर दुपारी वाळूत दोन्ही घरांचे पुरुष वल्ही घेऊन एकमेकांवर तुटून पडले, एकाचा हात मोडला आणि माझ्या चुलतभावाचे पुढचे दोन दात पडले. तो रक्ताने भरलेल्या तोंडाने हसत घरी आला आणि म्हणाला, "खोटारड्यांना दाखवून दिला." मी त्याला ओला कपडा दिला.

आई रोज तीन नंबरवर बसत होती. धंदा जोरात होता. घरी आली की ती कोयता घासायची. राखेने घासायची, मग साबणाने, मग पुन्हा राखेने. जेवायची कमी. मी एकदा विचारलं, तू मावशीला बघायला का नाही जात? तिने कोयता खाली ठेवला नाही.

"ती खोटा बोलली नसती, तर मी हत्यार उचललाच नसता," आई म्हणाली. "देवाला ठावं हाय. तिचा खोटेपनाच तिला नडला."

तिचं सगळं या एका वाक्यावर उभं होतं, हे मला तेव्हा दिसलं. हे वाक्य तिच्याकडे होतं म्हणून ती झोपत होती, उठत होती, गिऱ्हाइकाशी भांडत होती. मी तोंड उघडलं तर मावशीचा शब्द तिला परत मिळणार होता आणि माझी आई त्याच क्षणी विनाकारण मैत्रिणीचा हात तोडणारी बाई होणार होती. मी अकरा दिवस गप्प राहिले. भीती नोकरीची होती, पोलिसांची होती, पण सगळ्यात जास्त आईचा तेव्हाचा चेहरा बघायची होती.

जमात सोमवारी दुपारी बसली, कारण सोमवारी गिऱ्हाईक नसतं. सकाळी मी ऑफिसात न जाता संस्थेला मेल लिहिली. काय चुकलं, कोणाकडून, केव्हा, सगळं. सोबत प्रिंटचे फोटो जोडले. दहा मिनिटांत साहेबाचा फोन आला, तो शिव्या देत होता. मीही दिल्या, आणि माझ्या जास्त चांगल्या होत्या. नोकरी तिथेच संपली.

कोळीवाड्याच्या हॉलमध्ये एका बाजूला आमचं घर, दुसऱ्या बाजूला मावशीचं. पुरुषांना वल्ही बाहेर ठेवायला सांगितली होती. पाटलांनी ठरलेलं सांगितलं. आधी मावशीने कबूल करायचं की ती खोटं बोलली. मग आईने तिचे पाय धरायचे आणि नारळ द्यायचा. दोन्ही घरांनी विषय मिटवायचा. मावशी उठून उभी राहिली. बँडेज लहान झालं होतं, त्यामुळे हाताचा तुटका आकार आता स्पष्ट दिसत होता. नवीन चष्मा लावला होता तिने.

"माजे डोले गेले असतील," ती म्हणाली. "मना चुकीचा दिसला असेल. मी..."

"मावशी, खाली बस," मी ओरडले. माझा आवाज इतका फाटला की पाटील दचकले.

मी पुढे गेले आणि कागद त्यांच्यासमोर आपटले. बोलायला लागले तर कोणाला काही कळेना. लिंक, मजकूर, आवृत्ती, सगळे माझ्याकडे बघत राहिले. मग मी म्हणाले, "एक टोप होता. त्यातलं कालवण दोन घरांना वाढायचं असं मीच चुकून करून ठेवलं होतं. दुसऱ्या घराचं कालवण आलं, तेव्हा मी आपल्या घराचं ओतून दिलं आणि त्याच टोपात त्यांचं भरलं. मावशीने झाकण काढलं तेव्हा आत त्यांचंच होतं. तिने बरोबर बघितलं. नंतर मी गुपचूप परत आपलं भरलं, म्हणून तुम्हाला कोणाला दिसलं नाही." हे मात्र सगळ्यांना कळलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

पाटील म्हणाले, "म्हंजे ती खरी बोलत होती?"

"हो."

"आन तुला कवा कलला?"

"त्याच दिवशी. दहा वाजता." मग मी उरलेलंही सांगितलं, कारण कोळीवाड्यात ते फक्त आईला आणि मला माहीत होतं आणि आईने ते कोणाला सांगितलं नव्हतं. अकरा दिवसांत एकदाही नाही. "फोनवर मीच आईला म्हणाले, हात तोड तिचा."

आई जागेवरून उठली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं, आणि तेच भयानक होतं. ती माझ्यापर्यंत चालत आली आणि तिने माझ्या कानाखाली अशी मारली की माझा तोल गेला. मी उभी राहिले, तिने दुसरी मारली. मग केस धरले, डोकं खाली वाकवलं आणि पाठीत बुक्के घालायला लागली. मासे उचलणारे, बर्फ फोडणारे हात ते. माझ्या ओठातून रक्त आलं आणि फरशीवर पडलं. कोणीही मध्ये पडलं नाही. पाटीलही नाहीत. आई मारत होती आणि रडत होती, आणि मला आवाज येत होता तो फक्त तिच्या बांगड्यांचा.

मग ती दमली. तिचा हात खाली आला. ती तशीच धापा टाकत उभी राहिली आणि तिला मावशीकडे बघायचा धीर होईना.

मावशी आमच्याजवळ येऊन उभी राहिली. त्या दिवसानंतर दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मावशीने तिचा उजवा हात आईसमोर धरला आणि जी बोटं उरली होती ती मिटायचा प्रयत्न केला. मिटली नाहीत.

"मना मूठ वलता येत नाय," ती आईला म्हणाली. "माज्या वाटचा पन तूच मार."

आईने हात उचलला. मी तोंड वर केलं.